भरलेल्या सभागृहाचा फोटो

ब्लॉग काढायचा म्हणजे आधी फोटो हवा आणि फोटोत माणसं हवीत. व्यवस्थापकांचं घोडं इथंच अडलं. त्यांच्या सभागृहात नाटकं होत, मैफली होत. होत नसे ती गर्दी. नटांपेक्षा प्रेक्षक कमी भरले, की ते स्वतः कोट काढून पहिल्या रांगेत जाऊन बसत. मग समितीच्या अध्यक्षांनी फर्मान काढलं, "लोकसहभाग दाखवा, नाहीतर गोदाम करून टाकतो." व्यवस्थापकांचा उभा जन्म या खुर्च्यांवरची धूळ झटकण्यात गेला होता. सभागृह गेलं तर घरी बसून झटकायचं काय, या विचारानं त्यांची झोप उडाली. शेवटी मुलीनं त्यांना 'कला आणि लोकसहभाग' नावाचा ब्लॉग काढून दिला.

"गर्दीचा एखादा फोटो आहे का रे?" त्यांनी लाइटवाल्याला विचारलं.

"एक आहे. तुम्ही दाढ काढायला गेला होतात ना, त्या दिवशीचा."

फोटो विंगेतून काढलेला होता. खुर्ची न खुर्ची भरलेली. अर्ध्या लोकांनी तोंडावर रुमाल दाबलेले, अर्धे डोळे पुसताहेत. व्यवस्थापक हरखले. खाली त्यांनी झोकात लिहिलं, 'विनोदी नाटक रंगलं! हसून हसून प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी!'

दुपारी अध्यक्षांचा फोन आला. "वा! रविवारी अख्खी समिती घेऊन येतो. एवढीच गर्दी दिसू द्या, पुन्हा गोदामाचं नाव काढणार नाही."

फोन ठेवतात तोच दारात मास्तरांची बायको. व्हायोलिनचे मास्तर मागच्याच महिन्यात वारले होते. बाई स्वतः नटी. याच रंगमंचावर रिकाम्या खुर्च्यांपुढे त्यांची हयात गेली. त्यांनी मोबाइल व्यवस्थापकांच्या नाकासमोर धरला.

"पहिल्या रांगेत मधोमध कोण बसलंय?"

"तुम्हीच की, बाई. केवढ्या हसताय!"

"माझ्या नवऱ्याची शोकसभा आहे ही."

व्यवस्थापकांनी वळून लाइटवाल्याकडे पाहिलं. लाइटवाला वायर गुंडाळण्यात गढून गेला. "तुम्ही गर्दीचा मागितलात," तो पुटपुटला. "गर्दी तेवढ्या एकाच दिवशी झाली."

"चुकलो, बाई. आत्ता काढतो," व्यवस्थापकांनी हात जोडले. "पण रविवारी समिती येतेय हो. माणसं कुठून आणू?" आणि प्राण कंठाशी आल्यामुळे त्यांच्या तोंडून निसटलं, "ओळखीत कुणी... फार आजारी वगैरे आहे का?"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. आधी त्यांना हसू आवरेना, मग त्याचं रडू झालं. "मास्तरांच्या शेवटच्या मैफलीला मी होते, तुम्ही होतात आणि हा लाइटवाला. मेल्यावर मात्र उभं राहायला जागा नाही! हे बघा, आजारी माणसं शोधू नका. सभागृह मरायला टेकलंय ना? त्याचीच शोकसभा लावा."

संध्याकाळी ब्लॉगवर काळी चौकट झळकली. 'आपलं सभागृह आपल्याला सोडून चाललं. अखेरचं दर्शन रविवारी.'

रविवारी नुसती रीघ लागली. जन्मात तिकीट न काढलेली माणसं हातात फुलं घेऊन आली. एकानं मोडक्या खुर्चीलाच हार घातला. न पाहिलेल्या नाटकांच्या आठवणी सांगायला माइकपुढे रांग लागली. अध्यक्षांनाही माइक बघून राहवेना. ते सगळ्यांत जास्त वेळ बोलले आणि "या सभागृहाचा जीव कुणी घेतला?" असं विचारून स्वतःच हुंदके देऊ लागले.

सभा संपल्यावर ते नाक पुसत विंगेत आले. "गोदाम रद्द!"

व्यवस्थापकांनी लाइटवाल्याला मिठीच मारली.

"असा लोकसहभाग मी बघितला नव्हता," अध्यक्ष म्हणाले. "सभागृह चालू ठेवायचं. फक्त शोकसभांसाठी. नाटकं-बिटकं बंद. त्यांना काळं कुत्रं फिरकत नाही."

मिठी सुटली. समिती गेल्यावर व्यवस्थापक खुर्च्यांमधून फिरत चुरगळलेली फुलं वेचू लागले. सभागृह वाचलं होतं आणि त्यांना रडू येत होतं.

बाई मागे थांबल्या होत्या. "माझी एक तारीख धरून ठेवा."

"कुणाची शोकसभा?"

"माझी. मला हे एकदा भरलेलं बघायचंय. मेल्यावर कुठलं दिसायला!"

"अहो, पण तुम्ही तर धडधाकट..."

"लोक बसले, रुमाल बाहेर निघाले, की मी पडद्यातून येईन आणि नाटक सुरू करीन. बघू कोण उठून जातं ते."

"किती वेळाचं नाटक?" लाइटवाल्यानं विचारलं.

"तीन अंकी. दारं तेवढी आतून लाव."

व्यवस्थापकांनी सवयीनं कोट काढला आणि पुन्हा अंगात घातला. त्या दिवशी पहिल्या रांगेत त्यांना जागा मिळणार नव्हती. उभंच राहावं लागणार होतं.