कौसाकाकूंची दिष्ट

कौसाकाकू गल्लीतून निघाल्या की बाया वाळत घातलेले पापड झाकायच्या, दुभती म्हैस आत बांधायच्या. काकूंना कौतुक आवरायचं नाही, एवढंच कारण. कोणाची मिरची असो, कोणाचं नवं लुगडं असो, त्या कमरेवर हात ठेवून थांबायच्या आणि म्हणायच्या, "लय नामी हाय बाई." एकदा तहसीलच्या शिपायाच्या मिशा त्यांनी भर रस्त्यात नामी ठरवल्या. तो आठवडाभर मिशा पिळत हिंडला आणि नेमकं ओठावर गळू झालं. गाव म्हणालं, बघा.

निजामी जाऊन थोडीच वर्षं झाली होती. आमचं गाव देवगाव फाट्यापासून गाडीवाटेनं आत. बायको तान्ह्याला घेऊन माहेराहून आली, तशा काकू धावत आल्या. ती पाजत बसली होती. "काय गं दूध, आन् काय ते गाल. लय नामी."

दुसऱ्या दिवशी बायकोच्या डाव्या थानात लिंबाएवढी गाठ. दूध साकळलेलं, अंगात ताप. लेकराला त्या बाजूला धरलं की कळ येई आणि तीच त्याला दूर करी. आई मला म्हणाली, "पिकलं तर लेकराच्या तोंडचं जाईल. त्या कौशीच्या पायाची माती आण. गुपचूप."

ज्याची दिष्ट त्याच्या पावलाखालची माती मीठमिरच्यांबरोबर उतरून जाळायची, ही आमच्याकडची रीत. काकू पुढं, मी मागं वाकून. त्या गर्रकन वळल्या.

"काय सांडलं रं?"

"काही नाही, काकू."

"न्हाई कसं? कवाचा धुंडायलास." आणि त्याही बसल्या माझ्याबरोबर माती चाळत. शेवटी मला सांगावं लागलं.

वाटलं, आता शिव्यांची लाखोली. काकूंनी आपल्या टाचेखालची ओंजळभर माती माझ्या धोतरात घातली. "चिमूटभरानं काय व्हतंय? चल लवकर."

आमच्या अंगणात येऊन, दाराकडं पाठ करून, त्यांनी कौतुक माघारी घ्यायला सुरुवात केली. "कसलं ते लेकरू, भाजलेलं वांगं. नाक हाय का भजं? आन् तोंड बापाचं, कसं व्हायचं बाई." शेवटचं जरा जास्तच झालं. आत आई माती जाळत होती, बायको ऊन पाण्याच्या फडक्यानं शेकत होती. ती हसायला लागली ती थांबेचना. हसता हसता पान्हा फुटला, तिनं लेकरू धरलं, ते ओढत राहिलं आणि ती गाठीवर हलका हात फिरवत राहिली. पुन्हा पुन्हा पाजलं. दिवस मावळेपर्यंत गाठ विरघळली, ताप उतरला. मी नाचायचाच बाकी होतो.

गाव मात्र म्हणालं, माती जाळली, गाठ गेली, म्हणजे दिष्ट कौशीचीच.

बायको म्हणाली, "अहो, सांगा की समद्यांना. शेकलं, हसले, लेकरानं ओढलं." मी आईपुढं बोललो नाही. आता आई नाही, बायको नाही, काकूही नाहीत. म्हणून लिहून ठेवतो, त्या बाईची दिष्ट कधीच कोणाला लागली नाही.

पण तेव्हा गावाचं सोडा, आपली दिष्ट लागते हे काकूंनाच पटलं. त्यांचं कौतुक बंद पडलं. आमच्या दारावरून त्या पदर ओढून जाऊ लागल्या. एकदा आई शेतात असताना बायकोनं त्यांना हाक मारून आत घेतलं आणि लेकरू मांडीवर दिलं. काकूंनी डोळे घट्ट मिटले. बोटांनी त्याचे कान, हनुवटी चाचपत राहिल्या.

"उघडा की डोळे, काकू," बायको म्हणाली.

"नको माय." मग माझ्याकडं तोंड करून म्हणाल्या, "तू सांग रं, कसं दिसतंय."

मी सांगत बसलो. खालचे दोन दात, कपाळावर आलेली बट, हसताना पडणारी खळी. काकू ऐकत होत्या, आणि जे जे मी सांगे तिथं तिथं त्यांचं बोट जात होतं.