सूनबाईची गाडी आणि बावीस पौंड हवा

"हवेचं माझ्यावर सोडा!" अंजनानं जाहीर केलं, आणि ते एवढ्या जोरात केलं की गोठ्यातल्या म्हशीनं रवंथ थांबवला!

का करू नये? सहामाहीला विज्ञानात वर्गात तिचा पहिला नंबर आला होता. 'दाब' हा धडा तर तिनं झोपेतही म्हणून दाखवला असता. आत्तापर्यंत घरात तिला कुणी विचारलं तर एवढंच, "दूध नासलंय का बघ गं." आज मात्र चक्क तिच्या वडिलांनी, आप्पांनी विचारलं होतं! आप्पासाहेब म्हणजे फौजेत गाड्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले सुभेदार. त्यांच्या मिशा हलल्याशिवाय वाड्यावस्त्यांवरचा कोंबडाही आरवत नसे, असं अंजनाचं प्रामाणिक मत होतं.

मामलाही नाजूक होता. शालूवहिनीला सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेर कुठं? पार सांगली-मिरज ओलांडून कवठे महांकाळला! यष्टीचं नाव काढताच आईनं, म्हणजे बनुबाईंनी, कानांवर हात ठेवले होते.

"माझ्या सुनंचं ताक हुईल त्या यष्टीत!"

म्हणून आप्पांनी फौजेच्या लिलावातून एक जुना ट्रेलर आणला. जीप घरात होतीच. ट्रेलरवर ताडपत्रीचं छप्पर चढलं, त्याला खिडकी पडली, आत कापसाची गादी आली, लोड आला, खणाचा पडदाही लागला. चाकांवरचं घरच ते! राहिली फक्त टायरांतली हवा. जास्त भरली तर गचके, कमी भरली तर टायर जायचा. आणि आत बसणार कोण? वहिनी! पोटातल्या पाहुण्यासकट!

अंजनानं काम शास्त्रशुद्ध केलं. ट्रेलर साखर कारखान्याच्या काट्यावर नेला. पण गरोदर बाईचं वजन करायला आई तयार होईना. "दृष्ट लागंल! आणि ती काय ऊस हाय गाळपाला न्यायला?" मग वहिनीच्या जागी गुळाच्या दोन ढेपा बसवल्या. नंतर अंजनानं टायरला गेरू फासला, खाली वर्तमानपत्र घातलं आणि उमटलेला ठसा पट्टीनं मोजला. वजन भागिले क्षेत्रफळ. उत्तर आलं बावीस!

तिचा थोरला भाऊ, म्हणजे वहिनीचा नवरा लालासाहेब, आप्पांचा हवेचा मीटर लावून बघत म्हणाला, "अंजे, टायरात आधीपासनंच बावीस हाय की."

"बघ!" अंजना नाचायलाच लागली. "गणित किती तंतोतंत आलं!"

आधीच्या हवेनं जेवढा टायर चपटा झाला होता, तेवढाच त्याचा ठसा उमटला होता. म्हणजे टायरनं आपलंच उत्तर तिच्या कानात सांगितलं होतं! पण हे तिला कुणी सांगितलं नाही. कारण या घराची एक रीत होती. तोंडावर कुणी कुणाला 'नाही' म्हणायचं नाही. आप्पांनी आमटीत मीठ घाला म्हटलं की आई "व्हय की" म्हणायची आणि मीठ घालायची नाही. आईनं अंगणात चिखलाचे बूट आणू नका म्हटलं की आप्पा "बराबर हाय" म्हणायचे आणि थेट चुलीपर्यंत यायचे. घरात भांडण म्हणून नव्हतंच!

त्यामुळे बावीस ऐकल्यावर आप्पा म्हणाले, "शाब्बास!" आई म्हणाली, "गुणाची गं बाय माझी!" लालादादा म्हणाला, "बावीस म्हंजे बावीस." अंजनाची छाती त्या बावीस पौंडांनी अशी फुगली, की निघायच्या दिवशी पुन्हा मीटर लावून बघावं हे तिच्या मनातसुद्धा आलं नाही.

निघताना आईनं वहिनीची ओटी भरली, नारळ फोडला आणि ट्रेलरच्या दोन्ही चाकांखाली लिंबं ठेवली. लालादादानं जीप चालू केली. उजव्या चाकाखालचं लिंबू फुटायचं सोडून गोफणीतल्या दगडासारखं सुटलं आणि आप्पांचा फेटा उडवून गेलं! डावं चाक मात्र आपल्या लिंबावर खुडूक कोंबडीसारखं अलगद बसलं.

"शकुन लय झ्याक झाला!" फेटा झटकत आप्पा म्हणाले.

"व्हय, व्हय!" सगळे म्हणाले.

जीपमध्ये दादा, आप्पा आणि आई. ट्रेलरमध्ये गादीवर वहिनी, आणि तिच्या दिमतीला शास्त्रज्ञ अंजना. कराड मागं पडलं. तशी वहिनी हळूहळू डावीकडं सरकायला लागली. अंजनानं तिला उजवीकडं बसवलं. ती पुन्हा डावीकडं! पाण्याची कळशीही तिच्यामागोमाग निघाली.

"वन्सं, गाडी वाकडी चाललीया, का मीच वाकडी बसलीया?"

"रस्त्याला उतार आहे, वहिनी. गणित बरोबर आहे."

इस्लामपूरच्या पुढं एक सायकलवाला खिडकीशी आला. "आवं ताई, तुमचं घर लंगडतंय की!"

"बावीस पौंड हवा आहे! गणितानं काढलीय!"

"मग गणित लंगडत आसंल!" म्हणून तो हसत पुढं गेला.

अंजनानं त्याला मनातल्या मनात नापास केलं. पण आष्ट्याच्या पुढं ट्रेलर लग्नात प्यालेल्या पाहुण्यासारखा झुलायला लागला. उसाच्या गाड्यांचे बैल बिचकून कडेला व्हायला लागले. आणि एका हळदीच्या शेतासमोर फस्स्स् झालं! ट्रेलर डाव्या अंगावर बसला. कळशी उलटली. वहिनी थेट अंजनाच्या मांडीवर येऊन पडली, आणि तिनं दोन्ही हातांनी पोट धरलं.

"वहिनी! वहिनी गं!"

वहिनीनं डोळे घट्ट मिटले. अंजनाच्या डोक्यातला 'दाब' हा धडा प्रश्नोत्तरांसकट उडून गेला. देवा, माझा पहिला नंबर परत घे, विज्ञानात भोपळा दे, पण हिला काही होऊ देऊ नकोस!

वहिनीनं हळूच डोळे उघडले. "लाथ मारली."

"कुणी?"

"आतल्यानं! त्येला गंमत वाटाय लागलीया मेल्याला!"

अंजना हसायला गेली आणि रडली. तोवर जीपमधली मंडळी धावत आली. आईनं वहिनीच्या पाठीवरून, पोटावरून, कपाळावरून हात फिरवला, सगळं जागच्या जागी असल्याची खात्री केली आणि मग तिचा पदर नीट केला. डावा टायर रिंगेतून निसटून पार चुरगळला होता. दादानं उजव्याला मीटर लावला. चाळीस!

"चाळीस?" अंजना किंचाळली. "मी तर बावीस सांगितली होती! कुणी भरली?"

आप्पांनी मिशीवरून हात फिरवला. "फौजेत गाडी भरल्या पोटानंच चालिवत्यात. म्हणलं, पोरीचं मन कशाला मोडा! पहाटं मारली जराशी. एका चाकाला झाली आन् दमच लागला बग."

"आणि डाव्याची गेली कुठं?"

आई मातीकडं बघत म्हणाली, "मी आंगठ्यानं दाबून बगितलं. लय निबर लागलं. भाकरीच्या पिठावानी मऊ नगं व्हय, पोटुशी बाय बसनार तर? केसातला आकडा काढला न् सोडली थोडकी."

"मी बी सोडली," दादा मान खाजवत पुटपुटला. "डाव्याचीच. उजव्यापाशी आप्पा हुते."

"आरं, मग तोंडानं सांगायचं की रं!" आप्पा गरजले.

"तुमी सांगितलं व्हय?" आई म्हणाली.

तेवढ्यात खणाच्या पडद्यामागून बारीक आवाज आला, "मामंजी, मी बी सोडली."

सगळे पडद्याकडं वळले.

"तू? तू कशापायी गं, सूनबाई?"

"म्हणलं, गाडी बसली तर चार दिस आनिक ऱ्हायला मिळंल." वहिनीनं पडद्यातून डोकं बाहेर काढलं. "आयेकडं जायाचं मन हाय, न्हाई असं न्हाई. पर ह्या घरात आल्यापासनं मला कुनी न्हाई म्हणून म्हणलं न्हाई. पाय निघंना माजा."

हळदीच्या पानांतून वारा फिरला. आई नाक ओढायला लागली. दादा विनाकारण जॅक शोधायला गेला, आणि तो त्याच्या हातातच होता! आप्पांनी तोंड फिरवून चुरगळलेल्या टायरलाच झापलं, "नालायक! बसायला हीच जागा घावली व्हय तुला!" आणि फेट्याच्या शेमल्यानं डोळे पुसले.

अंजनाला वाटलं, या तिच्या वेड्या माणसांनी एका बाईच्या सुखासाठी चोरून चोरून ट्रेलर लंगडा करून ठेवला. एवढी माया कुठल्या गणितात बसवायची? आणि आतलं बाळ खुशाल लाथा मारतंय. कबूल केल्याप्रमाणं तिनं आपला पहिला नंबर मनातल्या मनात देवाला देऊन टाकला.

जीपची स्टेपनी ट्रेलरला बसली. पंप लावला. पण हवा किती?

अंजना म्हणाली, "आतमध्ये वहिनी बसणार. तिलाच विचारू या."

चुडेवाल्या कासारासमोर बसावं तशी वहिनी गादीवर बसली. दादानं पंप मारला. आप्पा नि आई दोन्हीकडून ट्रेलर हलवून बघत होते.

"हातात रुततीया का, सूनबाई?" आप्पांनी विचारलं. कासाराचंच वाक्य!

"आनिक जरा... आनिक... बास!"

वहिनीच्या "बास"वर पंप थांबला. उजव्याची हवा तिच्याच "बास"पर्यंत उतरवली. सांगली आली, मिरज गेलं, आणि कळशीत उरलेलं पाणी एकदाही उसळलं नाही. त्या आनंदात मीटर लावायचं मात्र सगळेच विसरले.

कवठे महांकाळला वहिनीची आई भामाबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. तो ओवाळून टाकत तिनं विचारलं, "लय हाल झालं का गं वाटंत?"

सगळे एकदम वहिनीकडं वळले.

"हाल?" वहिनी म्हणाली. "आये, पान्यावनं नाव यावी तशी आले! ह्या आमच्या वन्संनी मापानं हवा भरली. लय हुशार हायती!"

असली वहिनी कुणाला मिळते?

भामाबाईंनी कडाकडा बोटं मोडली. "मंग ठरलं! माज्या गुडघ्यांनी यष्टी चढवत न्हाई. बाळंतपन झालं की लेक, नातू, मी, माज्या दोगी जावा न् पाळना, समदी ह्याच गाडीतनं तुमच्याकडं येतो! किती हवा लागंल गं पोरी?"

अंजनानं आप्पांकडं बघितलं. आप्पा आभाळाकडं बघत होते.

"मावशी," ती म्हणाली, "आधी चहा ठेवता का?"