चंद्रीचं अर्थिंग

आर्वीत समुद्र नाही, हे बाबारावांना निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात नडलं. तीस वर्षं ते मालवाहू जहाजांवर वायरलेस ऑपरेटर होते. तिथे रेडिओची एक तार डोलकाठीवर, दुसरी जहाजाच्या लोखंडाला, आणि लोखंड खाऱ्या पाण्यात. अर्थिंगची, म्हणजे तार जमिनीशी जोडण्याची, चिंता कधी करावीच लागली नाही. इथे मे महिन्यात अंगणातली काळी माती हातभर भेगाळली, जमिनीतली तार कोरडी पडली आणि घरच्या रेडिओत नुसती खरखर उरली.

मुलगा प्रेमदासही आता जहाजावर ऑपरेटर होता. रोज संध्याकाळी सातला तो टिकटिकीच्या भाषेत मुंबईला हवामान कळवायचा. त्यात बाबारावांसाठी काहीच नसायचं. पण त्याचा हात ते हजारांत ओळखत. शेवटचा ठोका तो जरा लांबवायचा. बायको गेल्यापासून घरात आपल्या माणसाचा म्हणावा असा तेवढाच आवाज होता.

बाबारावांनी मग घरच्या घरी समुद्र करायचं ठरवलं. बायकोचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड तारेला बांधून अंगणात पुरला, त्यावर दोन पायल्या खडेमीठ ओतलं आणि रोज बादलीभर पाणी घातलं. आवाज खणखणीत आला. तिसऱ्या दिवशी शेजारच्या धुरपताबाईंची म्हैस, चंद्री, कुंपण मोडून आली, चाटत चाटत गुंडापर्यंत पोचली आणि तार शिंगात घेऊन घरी गेली.

"धुरपताबाई, तुमच्या म्हशीनं माहं अर्थिंग उखडलं."

"अन् तुमच्या मिठानं माही म्हैस दिवसभर पाणीच पिऊन राह्यली. अंगणात मीठ काऊन पेरता? उगवते का ते?"

मीठ बंद झालं, गुंड पुन्हा पुरला गेला, कुंपण दुप्पट झालं, नुसतं पाणी भेगांत जिरून जाऊ लागलं आणि रेडिओ मुका झाला. चार संध्याकाळी बाबाराव खरखर ऐकत बसले. त्यांना फार एकटं वाटलं. पाचव्या संध्याकाळी चंद्री नवं कुंपणही मोडून आली, मीठ सापडेना म्हणून गुंडावर उभी राहिली आणि निवांत मुतली. खारा ओलावा गुंडाला लागला आणि त्याच क्षणी प्रेमदास स्वच्छ ऐकू येऊ लागला. बाबारावांनी तीस वर्षांचं शिक्षण आठवून पाहिलं. त्यात हे कुठेच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते मान खाली घालून शेजारी गेले.

"रोज सात वाजता चंद्रीले माह्या अंगणात बांधता का?"

"काल कुंपण बांधून राह्यले होते, आज म्हैस मांगता?"

कारण सांगितलं तरी धुरपताबाईंना पटेना. म्हणून त्या म्हशीसोबत स्वतःच आल्या आणि ओट्यावर बसल्या.

"काय म्हणते पोरगं?"

"वारा नैऋत्येचा. समुद्र शांत."

"बापाले काही इचारते का?"

"नाई."

"मंग माह्या म्हशीनं काऊन यावं?" त्या उठू लागल्या.

"अन् चंद्री कशी आहे म्हणते," बाबाराव घाईने म्हणाले.

त्या पुन्हा बसल्या. "सांगा त्याले, बरी हाय. खुराले थोडं लागलं होतं."

पाठवायचं यंत्र बाबारावांकडे नव्हतंच. त्यांनी मान डोलावली.

हे रोजचं झालं. जूनमध्ये माती आपोआप ओली झाली आणि चंद्रीची गरज उरली नाही. हा विषय दोघांपैकी कोणीच काढला नाही.

जुलैत एका संध्याकाळी शेवटचा ठोका आखूड आला. हात परका होता. बाबारावांनी कान रेडिओला टेकवला.

"काय म्हणते पोरगं?"

"चंद्रीले इचारते," बाबाराव म्हणाले. पुढचे आठ दिवसही तेच म्हणाले.

नवव्या दिवशी धुरपताबाईंनी कमरेला खोचलेलं पोष्टकार्ड काढून त्यांच्यापुढे ठेवलं. "पोष्टमननं चुकून माह्या घरी टाकलं. शाळेतल्या कवडूकडून वाचून घेतलं. पोरगं खुशाल हाय, पण दुसऱ्या जहाजावर गेलं म्हणे, लय दूर. कार्ड येऊन आठ दिवस झाले."

बाबारावांना वर बघवेना. कार्डावरचं अक्षर त्यांनी दोनदा वाचलं.

"मंग रोज म्हैस घेऊन काऊन येत होत्या?"

धुरपताबाई चंद्रीच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.

"तिले दुसरं इचारते कोण? सांगा, आज काय म्हणते."