लॉकरमधला मार्तंड

अकोल्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या कुसुमकाकूंचे दागिने तांदळाच्या डब्यात असतात. कपाटाच्या लॉकरमध्ये असतो गुप्तहेर मार्तंड!

मार्तंड म्हणजे जुन्या पॉकेटबुकांतला, काळा कोट घालून खुन्यांना पकडणारा नायक. त्याची पुस्तकं, जाहिराती, चित्रकाराची कच्ची चित्रं, सगळं काकूंनी जमवलंय. त्यांना पाहिलं की रद्दीवाले स्वतःहून गठ्ठे सोडतात. एक दुर्मीळ मुखपृष्ठ अकोटला भजीखाली सापडलं. काकूंनी उभ्याउभ्या भजी संपवली आणि कागद पर्समध्ये टाकला. मी म्हटलं, "काकू, तेल लागलंय."

"राहू दे. डाग बी पुरावाच असते."

आमच्याकडे आल्या की आधी दारातल्या चपला मोजतात. "पाहुणे जेवून राहिले वाटते. मले काहून नाही बोलावलं?"

मागच्या वर्षी मार्तंड छापणारं अमरावतीचं प्रकाशन बंद झालं. बातमी कळताच काकूंनी मला एसटीत कोंबलं आणि तिथली तीन पोती रद्दी उचलली. परतताना कंडक्टरनं विचारलं, "काय हाये पोत्यात?"

"खून," काकू म्हणाल्या.

त्यानं घाईघाईनं तिकिटं फाडली आणि पुढच्या सीटकडे सरकला.

तिसऱ्या पोत्यात वाचकांची पत्रं निघाली, एकही फोडलेलं नाही. भाबड्या लोकांनी मार्तंडला खरा समजून लिहिलेली. कुणाची शेळी हरवलेली, कुणाचा सासरा रुसून गेलेला. बार्शीटाकळीच्या सुनंदाची मैत्रीण रजनी शाळा सोडून गेली होती: 'तिला शोधून द्या.'

"चाल," काकू म्हणाल्या. "केस घेतली."

"काकू, पन्नास वर्षं झाली!"

"मंग उशीर कायले करतं?"

सुनंदाबाई गावातच भेटल्या, आता आजी झालेल्या. रजनीबाई आठ दिवसांनी अकोटला सापडल्या. अकोला स्टँडवर दोघींनी एकमेकींना पाहिलं आणि भर गर्दीत मिठी मारून अशा किंचाळल्या, की दोन बसचे ड्रायव्हर खाली उतरले.

काकू मात्र खांबाआड उभ्या. मी म्हटलं, "चला ना, सांगू त्यांना तुमचं नाव."

"नको. बोलू दे त्यायले."

आम्ही ऑटोत बसलो. मग म्हणाल्या, "पोत्यात माह्यं बी पत्र होतं. बारा वर्षांची होती मी. घरात माह्यासंग कोणी बोलत नाही, एकडाव येऊन जा, असं लिवलं होतं."

"मग?" मी विचारलं.

"त्यानं फोडलंच नव्हतं," काकू हसल्या. "तो नाही आला, मंग मीच निघाली त्याले शोधाले."