तोबियासची बेकरी पहाटे चारला उघडते

“आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या मला. या वस्तीत डोळे मिटून आलेला माणूससुद्धा हरवणार नाही!” ओल्मान किरोसने खिळ्यांच्या पेटीवर हात आपटून जाहीर केलं आणि मग हाताला काय टोचलं ते बघत बसला.

निमित्त झालं पाण्याच्या टाकीचं. सान रामोनच्या या टोकाला ओल्मान ज्या हार्डवेअरच्या दुकानात काम करायचा, तिथून गेलेली टाकी संध्याकाळी तशीच परत आली. ड्रायव्हर नवा होता. इथे गल्ल्यांना नावं नाहीत की घरांना नंबर, पण पत्ता त्याला नीट दिला होता: तोबियासच्या बेकरीपासून दोनशे मीटर पश्चिमेला, मग पन्नास मीटर दक्षिणेला, पांढरं फाटक. याहून सरळ पत्ता काय असतो? फक्त तोबियासची बेकरी बंद पडून चाळीस वर्षं झाली होती. पण ती कुठे होती हे अख्ख्या वस्तीला माहीत, त्यामुळे ती आता नाही हे कुणाला सांगायचं सुचायचंच नाही!

इंटरनेटवर एक नकाशा होता, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून केलेला. कुणीही यावं, आपली गल्ली काढावी, दुकानं टाकावीत, दुसऱ्याचं चुकलं असेल तर दुरुस्त करावं. ओल्मान दोन वर्षं तिथे नुसता डोकावत होता. लग्नाला जाऊन फक्त जेवून येणारे असतात ना, तसा. आता मात्र त्याने ‘खिळेवाला जग्वार’ असं नाव घेतलं आणि बाह्या सरसावल्या.

पहिल्याच दिवशी चर्च झालं, शाळा झाली, मिसाएलचं केशकर्तनालय झालं, दोन बाकडी झाली. मग आली बेकरी.

‘सुरू की बंद?’ नकाशाने विचारलं.

बंद म्हटलं तर ती नकाशावरून गायबच होणार! मग सगळ्या वस्तीचे पत्ते काय हवेत लोंबकळणार? ओल्मानने ‘सुरू’ दाबलं. पुढे ‘वेळ’ असा एक रकाना होता. रिकामा रकाना ओल्मानला बघवायचा नाही. तोबियास पहाटे चारला दार उघडायचा हे त्याला पक्कं आठवत होतं. त्याने लिहिलं, पहाटे चार.

आता त्या इमारतीत कोण राहायचं? तोबियासची मुलगी एलिदा, जिला सगळे मानाने दोन्या एलिदा म्हणायचे. म्हणजे ओल्मानच्या सख्ख्या सासूबाई! आणि ही बाई साधीसुधी नव्हती. एका कोंबडीवरून सख्ख्या भावाशी नऊ वर्षं अबोला धरला होता तिने. ती कोंबडीसुद्धा केव्हाच मरून गेली, अबोला ठणठणीत होता. अशा आईला ओल्मानची बायको सिनिया तीन वर्षं लोणी लावत होती, कारण त्यांच्या भाड्याच्या घराचं छप्पर गळत होतं आणि मालकाने जागा सोडायला सांगितली होती. शेवटी सासूबाईंनी मागच्या दोन खोल्या द्यायचं कबूल केलं होतं. महिनाअखेर सामान हलवायचं. दुसरी जागा बघितलेलीच नव्हती.

“आईच्या समोर तोंड बंद ठेवायचं,” सिनियाने बजावलं होतं. “तेवढं जमलं की झालं!”

ओल्मान तोंड बंदच ठेवून होता. बोटांचं तिने काही सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी बेकरी नाहीशी झाली! ‘काटेकोर कासव’ नावाच्या कुणीतरी ती पुसून खाली लिहिलं होतं: “येथे बेकरी असल्याचा पुरावा नाही.”

“पुरावा?” ओल्मान दुकानात कडाडला. “मी जन्मभर त्या बेकरीपासून दीडशे मीटरवर राहिलोय आणि हा पुरावा मागतो?”

त्याने बेकरी परत टाकली. कासवाने पुसली. याने टाकली, त्याने पुसली. शेवटी ओल्मान मिसाएलच्या दुकानात गेला आणि अर्ध्या दाढ्या झालेल्या गिऱ्हाइकांसमोर भाषण ठोकलं. “उद्या हे कासव आपलं चर्च पुसेल! परवा तुमची घरं पुसेल!”

वस्ती पेटली. ज्यांनी आयुष्यात इंटरनेटवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, ते चष्मे शोधून बसले. मिसाएलने लिहिलं, “इथला गोड पाव खाल्ला की माणूस दुसरीकडे जात नाही.” फार्मसीतल्या बाईने लिहिलं, “कवच खुसखुशीत, आत कापूस.” एका आजोबांनी लिहिलं, “माझं लग्न या पावामुळे जमलं.” सगळं खरं होतं हो! फक्त कोणत्या साली, ते लिहायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. बघता बघता तोबियासची बेकरी सान रामोनमधली सर्वात नावाजलेली बेकरी झाली!

नकाशाच्या ज्येष्ठ मंडळींनी दोन्ही बाजू वाचल्या आणि निकाल दिला. खिळेवाला जग्वार यांचे मुद्दे ग्राह्य. स्थानिकांचं एकमत आहे. वाद वाढू नये म्हणून नोंदीला सहा महिने कुलूप.

“जिंकलो!” ओल्मानने घरात येऊन सिनियाला उचललंच.

त्याच वेळी दार धाडकन उघडलं. दोन्या एलिदा आत आल्या. पायांत दोन वेगवेगळ्या चपला, हातात झाडू.

“चार दिवस!” त्या गरजल्या. “चार दिवस पहाटे चारला माझ्या दारावर लोक थापा मारतायत! पाव द्या म्हणतात! काल सायकलवाले आले, चौदा जण, त्या घट्ट चड्ड्यांत! मी नाइटगाऊनमध्ये! म्हणे फोनमध्ये लिहिलंय!”

सिनियाने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने छताकडे पाहिलं. छत गळत होतं.

“कोण मेला तो जग्वार आहे,” सासूबाई म्हणाल्या. “ओल्मान, फोनमधलं तुला कळतं. शोधून काढ त्याला! माझ्या हयातीत तो माझा उंबरा ओलांडणार नाही. कोंबडीची शपथ!”

त्या गेल्या. सिनिया पुटपुटली, “तूच ना?”

“हो.”

“पूस ते. आत्ताच्या आत्ता!”

नोंदीला कुलूप, म्हणून ओल्मानने घाम पुसत ज्येष्ठ मंडळींना लिहिलं, “क्षमस्व. तिथे बेकरी नाही.” अर्ध्या तासात उत्तर आलं. सतरा स्थानिक लोक बेकरी आहे म्हणत असताना आपण ती नाही म्हणता, कृपया खोडसाळपणा करू नये, ही पहिली ताकीद. त्याने परत लिहिलं. दुसरी ताकीद आली. त्याच्याच मुद्द्यांचा हवाला देऊन त्याला गप्प बसवलं होतं! आणि मुद्दे इतके बिनतोड होते की त्याला स्वतःलाच खोडता येईनात.

त्यावर कळस म्हणजे कासवाचा निरोप. “मी चुकले. शनिवारी सकाळी नकाशाचे आम्ही दहा-बाराजण पाव खायला आणि वस्तीची माफी मागायला येत आहोत.”

शनिवार उजाडेपर्यंत ओल्मान घरभर येरझाऱ्या घालत राहिला. सिनिया भांडी खोक्यात भरायची, बाहेर काढायची, परत भरायची. “आपण राहायचं कुठे रे?” एवढंच ती एकदा म्हणाली, आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी पाहुण्यांना वाटेतच गाठून परतवायचं असं ठरवून तो पळत सुटला. पण उशीर झाला होता. सासूबाईंच्या दारात ही गर्दी! मिसाएल, फार्मसीवाली, लग्न जमलेले आजोबा, सगळे हजर. ओल्मान कोपरं मारत पुढे घुसला आणि एकदम थबकला.

वास! गरम पावाचा वास!

दारात दोन्या एलिदा उभ्या होत्या, कोपरापर्यंत पिठाने माखलेल्या.

“ढकलू नका रे मेल्यांनो! सगळ्यांना मिळेल!” त्या ओरडत होत्या आणि चक्क हसत होत्या. “हाकलून हाकलून थकले बाई. बुधवारी एक म्हातारा म्हणाला, तुझ्या बापाच्या हातची चव कुठे मिळत नाही. मग म्हटलं, भट्टी तर मागे पडलीच आहे, बघू पेटते का. पेटली की!”

कुणाचं लक्ष नाही असं बघून ओल्मानने भिंतीला पाठ टेकली आणि आठवडाभर कोंडलेला श्वास सोडला. वाचलो! देवा, वाचलो! बेकरी सुरू झाली, म्हणजे तो खोटं बोललाच नव्हता. जरा आधी बोलला होता, इतकंच.

तेवढ्यात एक गुबगुबीत हसरी बाई पाव चघळत पुढे आली. “मी काटेकोर कासव! कार्तागो शहरातली दातांची डॉक्टर. अहो, या पावासाठी माझ्याशी एवढा भांडला तो जग्वार कुठेय? मला त्याचे हात हातात घ्यायचेत!”

ओल्मानने खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घेतली. त्याच्या बुटांना नाड्या नव्हत्या.

“हा काय आमचा जग्वार!” मिसाएलने त्याला कॉलर धरून उभा केला. “लाजतोय बिचारा! वस्तीची शान आहे शान!”

टाळ्या पडल्या. मग सासूबाईंकडे बघून एकेक टाळी बंद पडत गेली. सिनियाने डोळे मिटून घेतले.

दोन्या एलिदा सावकाश पायरी उतरल्या. “म्हणजे पहाटे चार तू लिहिलंस?”

“आई, म्हणजे... तोबियासबाबांच्या वेळी चारलाच...”

“माझे बाबा चारला दुकान उघडायचे, खरंय.” त्यांनी कमरेचा एप्रन सोडला. “कुणाच्या जिवावर, ते नाही लिहिलंस. रात्री दोनपासून त्यांचा जावई कणीक मळायचा!”

एप्रन ओल्मानच्या गळ्यात पडला.

“सिनिया, महिनाअखेरीची वाट कशाला बघता? आजच आणा सामान. मागच्या खोल्या भट्टीला लागूनच आहेत, याला बरं पडेल.”

सिनियाने भर रस्त्यात आईला मिठी मारली आणि रडता रडता नवऱ्यालाही ओढून घेतलं. ओल्मानलाही भरून आलं. घर मिळालं, उंबरा मिळाला, अब्रू राहिली! आणखी काय हवं माणसाला?

थोड्या वेळाने त्याने कासवाला हळूच बाजूला घेतलं. “डॉक्टरीणबाई, ते सहा महिन्यांचं कुलूप... चाराचे आठ करता येणार नाहीत का हो?”

“छे!” बाईंनी दुसऱ्या पावाचा लचका तोडला. “नियम म्हणजे नियम. आणि मुद्दे तुमचेच आहेत, कसले जबरदस्त आहेत!”