गुलाबकाकांचा अडलेला मेल

कारखान्याच्या मेलवर रोज लॉटरी, कर्ज आणि केस उगवण्याचं तेल येत होतं. मॅनेजर शामसुंदर पूर्ण टकले. तेल त्यांच्या मनाला लागे.

"संघमित्रा, हे बंद कर," ते म्हणाले.

कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या संघमित्रानं सर्व्हरवर नियम बसवला: बाहेरून पन्नासपेक्षा जास्त जणांना एकदम आलेला मेल सरळ स्पॅममध्ये. मेल ओसरले. शामसुंदरांनी तिला समोसा खाऊ घातला.

त्याच सोमवारी हुडको कॉलनीत गुलाबकाका वारले. भट्टीवर एकतीस वर्षं काढून निवृत्त झालेला माणूस. संघमित्राला इथं नोकरीला चिकटवलं तेही त्यांनीच. कारखान्याची रीत अशी, की घरच्यांनी सगळ्यांना मेल टाकायचा, मग कारखाना बस सोडणार. सून मोनानं तीनशे जणांना मेल टाकला.

"टाकला न, येतीलच," ती सासूला, गिरजाबाईंना म्हणाली.

गिरजाबाईंनी दोन तास काकांना नेऊ दिलं नाही. रस्त्याकडे बघत बसल्या. बस आली नाही. शेवटी चौघांनी नेलं. त्यातला एक तर भाड्यासाठी थांबलेला ऑटोवाला होता.

गुरुवारी स्पॅम साफ करताना संघमित्राला तो मेल सापडला, कर्ज आणि तेलाच्या मधोमध. 'बाबा आज गेले. चार वाजता नेऊ.' तिनं तो तसाच पुढे सोडला. तीनशे जणांनी वाचला, तारीख कोणीच पाहिली नाही, आणि साडेतीनला बस निघाली.

हुडकोत साठ माणसं हार घेऊन उतरली.

"न्यायचं कधी?" शामसुंदरांनी हळूच विचारलं.

"सोमवारीच नेलं न, साहेब," गिरजाबाई म्हणाल्या.

शामसुंदर हातातल्या हाराकडे बघत राहिले. "मेल आजच आला, बाई."

"असू द्या. त्यायले बी ड्युटीवरून यायले रोज उशीरच होये. हार फोटोले घाला. कावून उभे राहिले सारे? बसा. त्या दिवशी मले रडायले बी कोणी सोबत नव्हतं."

माणसं बसली. भट्टीवरच्या गोष्टी निघाल्या. कोणी हसलं, मग गिरजाबाई पहिल्यांदा मोकळ्या रडल्या. संघमित्रा फाटकापाशीच थांबली. तिचे पाय आत जाईनात.

परत येऊन तिनं एकच काम केलं: मोनाच्या पत्त्याला सर्व्हरवर कायमची वाट मोकळी केली.

सकाळी त्याच पत्त्यावरून तीनशे जणांना मेल आला. सांगितला गिरजाबाईंनी, लिहिला मोनानं.

'सारे आले, बरं वाटलं. चहा कमी पडला. ज्यायले भेटला नाही त्यायनं पुन्हा या. फाटकापाशी उभी होती, तिनं बी.'