दातारांचे दोन किलो

सांगलीला मेव्हणीचं लग्न होतं आणि शशिकांत दातारांचा रजेचा अर्ज पंधरा दिवस साहेबांच्या पेपरवेटखाली झोपला होता. म्हणून बहात्तर सालच्या त्या सोमवारी सुपरिंटेंडेंटसाहेबांनी इस्पितळाच्या 'कर्मचारी आरोग्य सप्ताहा'साठी सेक्रेटरी मागितला, तेव्हा हेडक्लार्क दातारांनी सर्वांआधी हात वर केला. (साहेब खूश, रजा खिशात, असा सरळ हिशेब.)

"उत्तम!" साहेब म्हणाले. "नर्सेस, वॉर्डबॉय, क्लार्क, सगळ्यांनी शनिवारपर्यंत वजन उतरवायचं. सेक्रेटरीनं निदान दोन किलो. मग रजेवर सही."

दातार त्या वेळी शहाऐंशी किलो होते.

बालीगंजच्या घरी सरलाबाईंनी कंबर कसली. सकाळी उकडलेला दुधी, रात्री बिनतेलाची मुगाची उसळ. "अहो, माझ्या बहिणीच्या लग्नाला मी एकटी जायची नाही, सांगून ठेवते!"

दातारांनी दुधी निमूटपणे गिळला. पण मंगळवारीच घोटाळा झाला. वॉर्डमास्टर हालदारबाबूंचं अर्धा किलो वजन उतरलं आणि ते संदेश या बंगाली मिठाईचा डबा घेऊन हजर! आनंद झाला की दुसऱ्याचं तोंड गोड करायचं, ही तिथल्या बंगाल्यांची रीतच.

"हालदारबाबू, माझं डाएट चालू आहे हो!"

"माझंपण, दादा! म्हणून तर मी खात नाही. तुम्ही खा. तुमच्यामुळेच उतरलं."

नाही म्हणताच हालदारबाबूंचा चेहरा एवढासा झाला. दातारांना ते बघवेना. एक संदेश त्यांनी हालदारबाबूंसाठी खाल्ला, दुसरा त्यांच्या मिसेससाठी. बुधवारी तीन नर्सेस उतरल्या, गुरुवारी लॅबोरेटरी, शुक्रवारी सबंध स्वयंपाकघर. जो तो उतरायचा आणि सेक्रेटरीच्या टेबलावर डबा ठेवायचा.

शनिवारी काटा अठ्ठ्याऐंशीवर थांबला.

"मागून कुणी हात ठेवलाय का?" दातारांनी वळून पाहिलं. मागे नुसते कृतज्ञ, सडपातळ चेहरे होते. आता घरी काय सांगायचं, या विचारानं त्यांच्या पोटात खड्डा पडला. (वजनात मात्र फरक नाही.)

साहेबांनी वाकून काट्यावरचा आकडा वाचला. मग त्यांनी अर्ज ओढला आणि चक्क सही केली.

"दातार, रिपोर्टला फोटो जोडायचेत. बाकी सगळे 'नंतर'चे झाले. 'आधी'चा कुणी उरलाच नव्हता!"

लगेच फोटो निघाला. सांगलीचं लग्नही झोकात झालं, दातारांनी एकही पंगत चुकवली नाही, सरलाबाई खूश. पंधरा दिवसांनी दातार कामावर हजर झाले. साहेबांनी त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं, जुना फोटो फाडला आणि फोटोग्राफरला परत बोलावलं.